दाजींचा कोबा

माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायाखालची जमीन बघून त्याची पारख करणारा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. आमचे दाजी दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. दिवसभर इंजिनाच्या पोटाखाली उताणं पडून काम करायचे, म्हणजे तिथं तरी त्यांची नजर वर असायची. बाहेर पडले की खाली. कुणाच्याही घरी गेले की ख्यालीखुशाली आधी भुईची. चपला काढायच्या, अनवाणी तळव्यानं जमीन चाचपायची, मग उकिडवं बसून बोटाच्या पेरानं टकटक करायचं आणि निकाल द्यायचा, ‘पोकळ हाय!’ घरमालक बिचारा गोरामोरा व्हायचा. एकदा कोरेगाव भीमाला आमच्या एका मामांच्या दुखवट्याला गेलो होतो. बायका हुंदके देत होत्या, पुरुष माना खाली घालून बसले होते आणि दाजींची मान सगळ्यांपेक्षा खाली. ते बघून मामी आणखीच गहिवरल्या. ‘जावयानं किती मनाला लावून घेतलं बघा,’ म्हणाल्या. तशी दाजींनी मान वर केली. ‘मामी, ह्यो कोबा कुनी केला वो? सिमिटात पानी लई घातलंय. भेगा पडणार बघा.’ आक्कानं मला चिमटा काढला, मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि माझे खांदे हलताना बघून लोक म्हणाले, धाकटीही फार हळवी आहे हो.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते शेडमधूनच. तिथल्या बॅटरीच्या खोलीत कुणाच्या तरी हातून ॲसिड सांडलं, खाली सिमेंटवर लोखंडाचा कीस पडलेला, आणि दुसऱ्या दिवशी तिथं तांबूस-पिवळा डाग उमटला. बाकीच्यांनी त्यावर भुसा टाकला. दाजी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत त्या डागाशेजारी बसून राहिले. घरी आल्यावर हातपाय न धुताच आक्काला म्हणाले, ‘अगं, सिमिटाला आतनं रंग चढतोय! वरनं लावायचा न्हाई, आतनं! आपल्या घराची भुई आपण तशी करायची.’ आक्का म्हणाली, ‘आधी घर तर होऊ द्या.’

घर होत होतं. नदीच्या अंगाला दाजींनी जागा घेतली होती आणि ड्यूटी सुटली की ते स्वतः थापी-ओळंबा घेऊन तिकडे पळायचे. दगड त्यांनी रचले, भीमेची वाळू त्यांनी चाळली, परमिटचं सिमेंट मिळेल तसं आणलं. शेजारी हसायचे, कारण एक भिंत नदीकडे बघायची तर दुसरी स्टेशनाकडे. पण उभ्या राहिल्या खऱ्या! पत्रे चढले, कोबाही झाला. आक्काला आता दुसरं काही नको होतं. लग्न झाल्यापासून बाई एका रेल्वे क्वार्टरमधून दुसऱ्या क्वार्टरमध्ये चूल हलवत आली होती. तिला एकदा स्वतःच्या उंबऱ्यात उभं राहून ‘हे माझं’ म्हणायचं होतं, बस्स. पण दाजी तिला आत पाऊल टाकू देतील तर शपथ! रंग मनासारखा उतरेपर्यंत राहायला जायचं नाही, असा त्यांनी हुकूमच काढला होता.

आणि रंग काही उतरेना. पेठेतले कल्हईवाले चाचा भांडी उजळायला तेजाब, म्हणजे ॲसिडच, वापरायचे, त्यांच्याकडून दाजी ते आणायचे. ‘दाजी, इससे बर्तन साफ करते हैं, घर नहीं,’ चाचा दर वेळी बजावायचे आणि दर वेळी द्यायचे. तेजाब ठेवायला धातूचं भांडं चालत नाही, म्हणून दाजींनी आक्काची लोणच्याची चिनी मातीची बरणी पळवली. त्या साली कैरीचं लोणचं डालड्याच्या डब्यात पडलं आणि पंधरवड्यात नासलं. तेजाबात कधी हिराकस, म्हणजे तांबूस रंग. कधी राहू गावच्या कुणा बागायतदाराकडून मागून आणलेला मोरचूद, म्हणजे हिरवट. सगळी तालीम क्वार्टरच्या मागच्या अंगणात. तेजाब पडलं की कोबा फसफसायचा, धूर निघायचा, दाजी खोकत खोकत ‘आला, आला!’ म्हणून नाचायचे आणि शेजारची मंडळी साप निघाला म्हणून काठ्या घेऊन धावायची. त्यांच्या एकेका लेंग्याला इतकी भोकं की आक्का म्हणायची, ‘चाळणी शिवली असती तर निदान पीठ तरी चाळलं असतं.’ एकदा रेल्वेचे साहेब क्वार्टरं तपासायला आले. अंगणातले हिरवे-तांबडे डाग बघून त्यांनी विचारलं, हे काय? दाजी शांतपणे म्हणाले, ‘कुत्रं येतंय साहेब, रोज.’ साहेबांनी बराच वेळ त्या हिरव्या डागाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘डॉक्टरला दाखवा त्याला.’

असं करता करता चैत्र सरत आला तेव्हा आक्काचा बांध फुटला. मी शिरूरला शाळेत शिकवत होते, सुट्टीला दौंडला गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच तिनं सांगितलं, ‘अक्षय तृतीयेला मी त्या घरात दूध उतू घालणार. तुमचा रंग होवो नाहीतर न होवो. न्हाई जमलं तर मी केंदूरला भावाकडं जाते ती कायमची. मग बसा एकटे भुईशी बोलत.’ आक्का आवाज चढवून बोलली असती तर दाजी हसले असते. पण ती भाकरी थापता थापता, वर न बघता, अगदी हळू बोलली.

तृतीयेच्या आदल्या दिवशी पहाटेच त्यांनी माजघरात शेवटचा हात मारला, हिराकस आणि मोरचूद दोन्ही. ‘सांजच्याला येऊन सोड्याच्या पाण्यानं धुतो, तवर आत कुनी जायचं न्हाई,’ असं बजावून ते ड्यूटीवर गेले. पण उद्या गुरुजी येणार, पाट मांडायचे, तोरण बांधायचं. आक्काला दम कुठला? दुपारी आम्ही दोघी गेलोच. आक्कानं कडी काढली आणि तिथंच थिजली. अख्ख्या माजघरभर शेवाळी, तपकिरी, ओले, वंगाळ डाग. कुठं चिखलासारखे, कुठं पानाच्या पिंकेसारखे. वर तो उग्र वास. ‘ह्याच्यासाठी थांबले का गं मी?’ आक्का म्हणाली आणि उंबऱ्यात बसून ढसाढसा रडली. मला तिची इतकी कीव आली, दाजींचा इतका राग आला, की ते समोर असते तर मी ती बरणी त्यांच्या डोक्यावर पालथी केली असती.

रडून झालं तशी ती उठली आणि पदर खोचला. ‘उद्या देवाब्राह्मणासमोर दूध उतू घालायचंय. असल्या भुईवर? बादली घे. शेजारच्या गोठ्यातनं शेण आण.’ मी म्हटलं, ‘आक्के, सिमेंटवर शेण?’ ती म्हणाली, ‘भुई ती भुई.’ मग काय! मी शेण आणलं, पाणी ओतलं, आणि आक्कानं भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत सारवायला घेतलं. आमच्या केंदूरला तिच्या सारवणाला तोड नव्हती. प्रत्येक हात अर्धगोल फिरणार, एकाशेजारी एक, पाचही बोटांच्या रेघा स्पष्ट. मधे मधे म्हणायची, ‘हात चुनचुनतोय गं,’ आणि पुन्हा सारवायची.

संध्याकाळी दाजी आले. हातात सोड्याची पुडी, तोंडावर काजळी आणि हसू. दारात आले आणि हसू गेलं. मी भिंतीला टेकून उभी. आता हा माणूस फुटणार! आक्काच धीर करून म्हणाली, ‘चांगलं सारवलंय. बघा तरी.’ दाजींनी भुईकडे बघितलंच नाही. ‘हात दाखव,’ म्हणाले. आक्कानं हात पुढे केले. तळवे लालभडक झाले होते. दाजींनी बादली ओढली, सगळी पुडी पाण्यात उपडी केली आणि तिचे दोन्ही हात त्यात धरून बसले. ‘आग होतीय का? खरं सांग. आग होतीय का?’ एवढंच पुन्हा पुन्हा. दोघं उंबऱ्यात, मधे बादली. मी आपली तोरण बांधायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शेणावरच शेगडी ठेवून दूध उतू गेलं. आलेल्या बायकांनी सारवणाची तोंडभर स्तुती केली आणि दाजी सुतक असल्यासारखे कोपऱ्यात बसले. पंगती उठल्यावर मात्र आक्काला म्हणाले, ‘एकदाच धुऊ का गं? मग तू रोज सारव.’ आक्का हो म्हणाली. दाजी गुडघ्यावर बसून खराट्यानं घासायला लागले, आणि एकाएकी असे ओरडले की शेडचा भोंगा परवडला! आम्ही धावलो. शेण निघालं होतं आणि खाली, सिमेंटच्या आत, आक्काचे सगळे हात उमटले होते. तांबूस अर्धगोल, कडेला हिरवी झाक, पाचही बोटांच्या रेघांसकट. आक्का वाकली, ओल्या फडक्यानं एक अर्धगोल घासला आणि वैतागून म्हणाली, ‘अहो, नीट धुवा की. शेण राहिलंय!’ दाजी हसता हसता आडवे झाले, मीही भिंत धरून खाली बसले, आणि आक्का आमच्याकडे बघत म्हणाली, ‘दोघंही येडे झालेत.’

मग काय विचारता! दौंडातून, राहूहून, पार शिरूरहून माणसं ती भुई बघायला यायची. चाचा तर चपला बाहेर काढून हात जोडून उभे राहिले. दाजी प्रत्येकाला सांगायचे, ‘मी न्हाई वो, हिनं केलीय.’ आक्का आतून ओरडायची, ‘माझं काय नाव घेता? मी शेण लावलं होतं!’ दाजींनी स्वयंपाकघरात पुन्हा तोच प्रयोग करायला काढला, पण ह्या वेळी मंडळींचा हात मागायची त्यांची हिंमत झाली नाही. स्वतःच शेण फासलं. नुसता काळा डाग पडला. तो त्यांनी ठेवला तसाच. उभ्या आयुष्यात आक्कानं मात्र त्या भुईला एकदाही चांगलं म्हटलं नाही, आणि दाजींनी एकदाही विचारायचं सोडलं नाही.

दाजी गेले ते त्याच माजघरात, दुपारचे आडवे झाले तसेच. त्यांना घेऊन मंडळी नदीकडे गेली आणि मागे रिवाजाप्रमाणे शेजारच्या बायका ती जागा सारवायला शेणाची बादली घेऊन आल्या. आक्का तोवर भिंतीला टेकून बसली होती. बादली खाली टेकली तशी ती उठली. ‘इथं शेण नगं,’ ती म्हणाली. एक म्हातारी म्हणाली, ‘अगं, रीत हाय.’ आक्कानं बादली उचलून अंगणात नेऊन ठेवली, साधं पाणी आणलं आणि गुडघे टेकून स्वतःच पुसायला लागली. तिला दम लागत होता. मी फडकं मागितलं तर दिलं नाही.

‘ह्यांनी केलेली भुई हाय,’ ती म्हणाली. ‘लई सुंदर केलीय.’