दारावरून एक चक्कर

गाडी तयार झाली तरी अण्णा किल्ली द्यायचे नाहीत. "आधी घरी जाऊन आत बस. मी दारावरून नेतो," म्हणायचे. गाडीचा आवाज चालवणाऱ्याला कळत नाही, घरात बसलेल्याला कळतो, हे त्यांचं ठाम मत. सायलेन्सर बदललेल्या प्रत्येक गाडीची ही परीक्षा. पोरं वैतागायची.

अण्णा देवळ्याचे. कांद्याच्या मळ्यांतली पाण्याची इंजिनं दुरुस्त करत गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत दुचाकींचं गॅरेज टाकून स्थिरावले आणि पन्नाशीत लॅपटॉप शिकले. नवा सायलेन्सर लावला की इंजिन हवा जास्त ओढतं, पेट्रोल मात्र तेवढंच मिळतं. "उपाशी पळतंय बिचारं," म्हणत ते लॅपटॉपवर पेट्रोलचं प्रमाण जुळवत तासन्‌तास बसायचे.

बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं त्याच महिन्यात मी मूर्खासारखा दुसरीकडून दणदणीत सायलेन्सर बसवून घेतला. त्रास होतो का, विचारलं तर बाबा म्हणाले, छे रे. गाडी फटाके फोडायला लागली म्हणून अण्णांकडे नेली. त्यांनी ट्यूनिंग केलं आणि रिवाजाप्रमाणे मला घरी धाडलं.

बाबा पलंगावर चहा पीत होते. मी शेजारी बसलो. गल्लीच्या टोकाला आवाज आला तसा बाबांनी कप पटकन खाली ठेवला, दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली आणि डोळे मिटले. गाडी गेल्यावर डोळे उघडून माझ्याकडे बघतच राहिले. "तू इथं? मग गाडीवर कोण?"

महिनाभर ते रोज असेच बसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णांना सांगितलं तर ते एका शब्दानं रागावले नाहीत. कंपनीचा सायलेन्सर परत लावला, सगळं पुन्हा जुळवलं. "पिकअप कुठं जात नाय. लय पळंल," एवढंच म्हणाले.

मागच्या वर्षी अण्णा अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो तर बोटानं बाहेर खूण केली. चक्कर मार म्हणतायत, काकूंनी सांगितलं. मी गाडी दारावरून नेली. परत आत आलो तर काकूंचे डोळे भरलेले. "विचारतायत, अजून निघाला नाय का?"

त्यांचे कान गेले होते. मी अगदी कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "जाऊन आलो, अण्णा."

ते हसले. "मग पास."

चौथ्या दिवशी अण्णा गेले. त्या सकाळी मी गल्लीच्या टोकालाच इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत त्यांच्या दारापर्यंत नेली.