ओव्हरशेर साहेबांचे खड्डे

ओव्हरशेर साहेबांना जमिनीखालचं ऐकू यायचं. हे त्यांचंच म्हणणं. जमिनीवर कोण काय बोलतंय, ते मात्र त्यांना कधी ऐकू आलं नाही. आखाडा बाळापूरला आमच्या समोरच्या घरात ते राहायचे. कुणाचा नळ गळो, कुणाचं न्हाणीघर तुंबो, काठी घेऊन पहिले हजर. काठीने जमीन ठोकायची, मान तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि निदान सांगून मोकळं व्हायचं.

कालव्याच्या कामावरून निवृत्त झाले होते, म्हणून गल्लीनं त्यांना ओव्हरसियर केलं आणि बोलता बोलता त्याचं ओव्हरशेर झालं. खरं तर ते तिथे मजुरांची हजेरी घ्यायचे. हे आम्हाला फार उशिरा कळलं. जन्मभर त्यांनी खोदणारी माणसं मोजली, स्वतः टिकाव उचलला नाही. पण इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं आणि ‘हे टेक्निकल आहे’ हे वाक्य, एवढ्यावर गावात माणूस इंजिनियर म्हणून चालून जातो.

नव्वदच्या दशकाअखेरच्या एका उन्हाळ्यात आमच्या अंगणातला जमिनीखालचा नळाचा पाइप फुटला. गावाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही दोन तास. तेवढ्यात हौद भरून घ्यायचा. त्या गुरुवारी तो अर्धाही भरला नाही, आणि जे आलं ते गढूळ, मातकट वासाचं. आईनं ते गाळून, उकळून पुरवायला घेतलं. पुढच्या गुरुवारच्या आत पाइप बदलला नाही, तर कडक उन्हात शेतातल्या विहिरीवरून घागरी आणायच्या. आणणार आई आणि मी. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, डोक्यावर घागर कुणी पाहिली नव्हती.

अण्णांनी गफूरभाई फिटरला बोलावलं. पण तो यायच्या आत ओव्हरशेर साहेब आले, त्यांनी अंगणभर काठी आपटली आणि फाटकाजवळ खडूनं फुली मारली. "इथं. बराबर इथं. आवाज पोकळ येऊन राहिला."

गफूरभाईनं तिथे कमरेइतकं खोदलं. पाइप निघाला, अगदी धडधाकट. साहेबांनी दुसरी फुली खिडकीखाली मारली. तिथे दीड दिवस खोदलं, तर पाइपच निघाला नाही. यावर कुणीही गप्प बसलं असतं. साहेब म्हणाले, "याचा अर्थ पाइप सरकला." अण्णांनी मान डोलावली. अण्णा शाळेत गणित शिकवायचे, तरी डोलावली.

आई पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती, "साहेब, त्या अळूकडं बघा जरा. ह्या उन्हात सगळं वाळून गेलं, अन् त्याची पानं सुपाएवढी होऊन राहिली. कोन पानी घालतंय त्याला?"

"वहिनी, ते मोरीचं पाणी पितंय. हे टेक्निकल आहे."

"मोरी तिकडं उतारावर हाय. पानी चढावर कसं चढंल?"

साहेबांनी तिसरी फुली मारली, ती अंगणातल्या शहाबादी फरशीवर. फरशी फुटली, खाली कोरडी माती निघाली. संध्याकाळी शेजारणीची शेळी त्या खड्ड्यात पडली. तिला बाहेर काढताना अण्णांचं धोतर फाटलं. "निरीक्षणाचे खड्डे उघडेच ठेवावे लागतात," साहेबांनी काठावरून समजावलं.

बुधवार उजाडला. दुपारी साहेब जेवून वामकुक्षीला गेले. अण्णा शाळेत होते. आईनं पदर खोचला, गफूरभाईची लोखंडी सब्बल उचलली आणि अळूच्या गड्ड्यात घातली. मी टोपलीनं चिखल उपसत होते. दोन हात खाली पाइप लागला. तिनं बोटानं चाचपला, तर लोखंडाचा पापुद्रा हातात आला. हरभऱ्याएवढं भोक होतं, त्याला लागून आणखी चार.

गफूरभाई उकिडवा बसून बघत राहिला. "भाभी, ये तो पूरा गल गया. तुकडा बदलून न्हाई भागनार. फाटकापासून हौदापर्यंत सगळी लाइनच नवी टाकावी लागंल."

"मग टाका. उद्या पानी हाय."

चार वाजता साहेब आले, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मी कडेकडेनं इथंच येत होतो."

हातपाय धुऊन आईनं चहा ठेवला. गफूरभाईला दिला, मला दिला, शाळेतून आलेल्या अण्णांना दिला. साहेबांसमोर तिनं पाण्याचा तांब्या ठेवला, त्याच गढूळ पाण्याचा. त्यांनी तो हातात धरला, आत पाहिलं आणि खाली ठेवला.

तेवढ्यानं ते गप्प बसणारे नव्हते. नवा पाइप प्लास्टिकचा म्हटल्यावर म्हणाले, "उंदीर कुरतडतील." गफूरभाई सांधे चिकटवता चिकटवता म्हणाला, "तो आप पहरा दो, साहब." दुसऱ्या दिवशी हौद काठोकाठ भरला, स्वच्छ. आणि साहेब फाटकात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आपण लाइन कशी टाकली ते सांगत होते. आठवडी बाजारापर्यंत ती बातमी पोचली. आईचं नाव तिच्यात नव्हतं.

पुढे काही वर्षांनी त्यांची बायको वारली, आणि एकुलता मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. जीपमध्ये बसताना त्यांनी अण्णांना हौदाबद्दल तीन सूचना दिल्या. गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला.

वर्षभरानं त्यांचा फोन आला. मी माहेरी आले होते, मीच उचलला. आवाज पार बसला होता. "इथं चोवीस तास पाणी असतं, पोरी. काही बिघडलं तर खाली माणूस असतो, तो करतो. मला कुणी काही विचारत न्हाई." आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब, बरं झालं फोन केला. आपल्या मोरीचा नळ गळून राहिला. काय करावं?"

मोरीचा नळ ठणठणीत होता. मी आईकडे पाहिलं. तिनं फोन मानेत धरला, सूप मांडीवर ओढलं आणि तुरीची डाळ निवडायला घेतली. पलीकडे साहेब सुरू झाले होते. डाळ निवडून झाली, तरी आई हुंकार देतच होती.