पिवळे बेडूक आणि कळलावी

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पुतण्याने गणपतीवर टांगायच्या माटवीच्या लाकडी चौकटीला बांधायला रानातून कळलावीची फुलं आणली. पहाटेपासून गॅसपुढे उभी होते. जरा टेकले आणि एक लालभडक फूल हातात घेतलं. देठाला ओल्या दगडी गडग्याचा, शेवाळाचा वास होता. त्या वासासरशी मी लहानपणीच्या, माहेरच्या शेतात पोचले.

लावणी चालली होती. आते, म्हणजे बाबांची बिनलग्नाची बहीण, सगळ्यांचा स्वयंपाक उरकून चिखलात उतरली होती. बांधाकडच्या पाण्यात हळद माखल्यासारखे पिवळे बेडूक निळे गळे फुगवून ओरडत होते. वर गडग्यावर कळलावी फुललेली. आते कमरेवर हात ठेवून त्या बेडकांकडे बघत उभी राहिली.

"बेब्याचा बरा गो," ती म्हणाली. "दोन दिस पिवळो जाता, बोंबलता, मगे परत चिखलाच्या रंगाचो जावन गप बसता. ह्या फूल हिरव्याचा पिवळा जाता, पिवळ्याचा तांबडा. मागे फिराक गावणा नाय तेका."

"पण फूलच बरा दिसता, आते!"

ती नुसती हसली आणि पुन्हा वाकली.

तेव्हा वाटलं, ती बेडकांची गंमत सांगतेय. आज गुडघे ठणकतायत आणि येणारा-जाणारा म्हणतो, काकी आहे म्हणून घर उभं आहे. मला दोन दिवस कुणाला न दिसता चिखलात गप बसायचंय.

"काकी, नारळ खंय आसत?" आतून हाक आली.

"इलंय," म्हटलं. हातातलं फूल माटवीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं बांधलं आणि उठले.