पवनेतलं आयएनएस

पवना नदीत माझ्या माहितीत एकच जहाज बुडालंय. त्याचा कप्तान मी होतो.

त्या साली वसुधाशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. जवळजवळ, कारण तिचे वडील अण्णा अजून हो म्हणाले नव्हते. अण्णा नौदलातून निवृत्त होऊन चिंचवडला राहायला आले होते, आणि पिंपरीच्या कंपनीत लेथ चालवणारा जावई (म्हणजे मी) त्यांना फारच जमिनीवरचा वाटत होता. मग मी भंगारातून तेलाची चार रिकामी पिंपं आणली, वर फळ्या बांधल्या आणि पिंपळे सौदागरच्या घाटावर तराफा तयार केला. पुढे पांढऱ्या रंगात ठळक लिहिलं, आयएनएस वसुधा.

रविवारी अण्णा लेकीला घेऊन आले. नाव वाचून त्यांच्या मिशा थरथरल्या.

"दिनकरराव, हे आयएनएस कुणाला विचारून लावलंत?"

"नौदलात लावतात ना, म्हणून..."

"जहाज रीतसर सेवेत घेतलं की मग लागतं ते. तोवर नुसतं नाव. पुसा."

मी रॉकेलच्या बोळ्याने पुसलं. "आता चाचणी," म्हणत अण्णा कडक इस्त्रीच्या पँटीनिशी तराफ्यावर चढले. (होणाऱ्या सासऱ्याला नको म्हणायची टाप माझ्यात तेव्हा नव्हती, अजूनही नाही.)

माझा कंपनीतला मित्र शिवा बांबूने तराफा रेटत होता. मध्यावर तो खाली वाकला.

"दिनकर, पिंपांची बुचं कुठं हायेत रं?"

"वास जावा म्हणून काढून ठेवलीत. घाटावर."

शिवाने माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि सरळ पाण्यात उडी टाकली. मागोमाग तराफा खाली जाऊ लागला. अण्णा मात्र हलले नाहीत. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, तरी हा माणूस ताठ! छातीशी पाणी आल्यावर तराफा तळाच्या चिखलात रुतला. शेजारी डुंबणाऱ्या म्हशीने तोंड फिरवलं. घाटावर वसुधा पोट धरून हसत होती, आणि मला माझं लग्न बुडताना दिसत होतं.

"मुलगी एवढी हसतेय म्हणजे तिला तुम्ही पसंत आहात," चिखलातून वाट काढत अण्णा म्हणाले. "माझा नाइलाज आहे."

लग्नपत्रिका छापून आली. वसुधाच्या नावाआधी चि. सौ. कां. होतं. माझ्या नावाआधी काहीच नव्हतं.

"प्रेसवाल्याने माझं चि. खाल्लं," मी म्हणालो.

"त्याने नाही, मी काढलं," अण्णा म्हणाले. "चाचणीत बुडालेल्याला आधी काही लागत नाही."

वसुधाला बोहल्यावरच सौ. लागलं. मला श्री. लावतो तो फक्त वीजबिलवाला, तोही पैसे हवे असतात म्हणून.