पिवळ्या गोलाचा देश

दिल्लीतल्या एका मंत्रालयात माझं काम एकच: दुसऱ्याने लिहिलेल्या मसुद्यात दोन मुद्दे वाढवणं. वीस वर्षांत एकही ओळ कमी केल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे पाचवीतल्या लेकीला शाळेने मनातल्या देशाचा झेंडा करायला सांगितला, तेव्हा माझे हात शिवशिवले.

"बाबा, प्लीज, या वेळी मी करणार," ती म्हणाली. मागच्या वर्षी मी केलेल्या ज्वालामुखीला अख्ख्या वर्गाने 'पापा का प्रोजेक्ट' म्हटलं होतं आणि ती रडत घरी आली होती. मला वाईट वाटलंच, पण ज्वालामुखी झकास झाला होता हेही खरं.

तिने निळ्या कागदाच्या कोपऱ्यात एक पिवळा गोल काढला होता. बस.

"मॅमनी सांगितलंय, एकदा बघून कुणालाही काढता आला पाहिजे."

"पण हा सूर्य आहे का?"

"नाही. गोल आहे."

झेंडा, आणि अर्थ नाही? माझा जीव कळवळला. सहज सुचवतो म्हणत मी मोर घातला. शेतकरी राहून जायला नको म्हणून नांगर, विज्ञानासाठी रॉकेट. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत शेजाऱ्यांना वगळून चालत नाही. वरच्या बंगाली काकांनी मासा सुचवला, मग समोरच्या मल्याळी काकू रुसतील म्हणून नारळही आला.

"बाबा, नांगर म्हणजे?" लेकीने विचारलं. मी सविस्तर समजावू लागलो, तेवढ्यात तिने कागद पालथा घातला. "अच्छा, आता तू काढ. न बघता."

मी काढला. मोर रॉकेटवर बसला, मासा राहूनच गेला, आणि नांगर बायकोला इस्त्री वाटला. "अहो, देशाला इस्त्री कशाला?"

मी हट्टाने पुन्हा काढला. या खेपेला नारळाला शेपूट फुटलं. लेक नवा निळा कागद घेऊन खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ते मात्र मला लागलं.

शनिवारी शाळेत पालकसभा होती. वर्गातल्या मुलांनी आठवून काढलेला तिचा झेंडा भिंतभर लावला होता: सगळे कागद निळे, सगळ्यांच्या कोपऱ्यात गोल. मी छाती फुगवून जवळ गेलो. तिच्या झेंड्याखाली देशाचा कायदा लिहिला होता, एकच: 'यहाँ पापा को वीज़ा लगता है।'

मॅम हसू दाबत होत्या. मला काही हसू येईना.

घरी येऊन मी विचारलं, "व्हिसा कसा मिळतो?"

"अर्ज दे. एका ओळीत."

एका ओळीत! मी तीन मसुदे केले, तिन्ही पानभर झाले. पहिल्याला तर परिशिष्टही होतं. शेवटी लिहिलं, 'आत येऊ का? काही वाढवणार नाही.'

तिने ते दोनदा वाचलं, पिवळा खडू उचलला आणि अर्जाच्या कोपऱ्यात एक गोल काढला.