शेवटापासून शिकवणाऱ्या बाई

पियानोच्या बाई आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आल्या त्या वर्षीची गोष्ट. मी भाजी घेऊन जिना चढत होते आणि त्यांच्या दाराआड नवराबायकोची जुंपली होती. पिशवीचा बंद सुटल्यासारखं करून मी तिथेच थांबले.

"सगळं जग सुरुवातीपासून शिकवतं," यजमान म्हणत होते. विमा कचेरीतले कारकून, आवाज कधी न चढवणारे. "तुझंच उलटं. पोराचा बाप म्हणतो, इतके दिवस शिकतोयस, काहीतरी वाजवून दाखव. तर ते कार्टं शेवटचं पान वाजवतं आणि म्हणतं, संपलं."

"सुरुवात कुणालाही जमते हो," बाई म्हणाल्या. "पहिलं पान लोण्यासारखं, पुढे पुढे हातपाय गळतात. शेवट आधी पक्का केला की पोर जसजसं पुढे जाईल तसतसं ओळखीच्या घरात शिरेल."

"शिरायच्या आधीच दार ओढून निघून जातात, त्याचं काय?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मी वर गेले.

पुढे सारा जन्म मी त्या पियानोच्या डोक्यावर संसार केला. मला त्यातलं काही कळत नाही, पण पोरांच्या खोड्या मात्र वरून ऐकून पाठ झाल्या. सोपं आलं की पळायचं, अवघड आलं की रांगायचं. उजवा हात गातोय आणि डावा नुसता दळण दळतोय. चुकलं की पायाखालचं पेडल दाबून सगळे सूर एकात एक कालवायचे. मग बाईंचा आवाज यायचा, "पाय काढ. घाण झाकू नकोस, पूस." आधी एक हात एकटा, मग दुसरा एकटा, आणि मग कुठे दोघांची गाठ. "लग्न घाईत लावलं की जन्मभर कटकट," असं त्या आठ-नऊ वर्षांच्या पोरांना सांगायच्या. पोरं बिचारी मान डोलवायची.

यजमान म्हणाले होते तेही खोटं नव्हतं. त्या जुन्या शास्त्रीय रचना म्हणजे पानंच्या पानं. अर्ध्यात पोरं कंटाळायची, आईबाप त्याहून आधी. त्यामुळे मला कितीतरी रचनांचे शेवट तोंडपाठ आहेत आणि सुरुवात एकीचीही ऐकलेली नाही. बाईंची बोटं संधिवाताने वाकली होती, त्या स्वतः वाजवत नसत.

यजमान गेले. शिकणारी कमी होत होत एकच उरली, दातांच्या डॉक्टरांची धाकटी. बाईंना त्यांच्या गुरूंनी जी सगळ्यात लांब रचना शिकवली होती, तीच त्यांनी हिला द्यायला घेतली होती.

"एकीने तरी माझ्यासमोर पहिल्या पानापर्यंत यावं," त्या मला म्हणाल्या. "मग मी दुकान बंद करते, वहिनी."

आणि पोरगी चिवट निघाली. शेवटाकडून एकेक पान मागे येत येत पहिलं तेवढं राहिलं. तेव्हाच नेमका शाळेचा कार्यक्रम आला, आणि तिची आई बाईंच्या दारात.

"बाई, पहिलं पान तर किती सोपं आहे. आठवड्यात येईल तिला."

"सोपं आहे म्हणूनच वेळ लागेल. सोप्यातली चूक सगळ्यांना ऐकू येते."

"कार्यक्रम काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

"नाही ना? मग तिला नाचात घाला."

बाईंची जीभ अशी. आई लाल होऊन गेली आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगी यायची बंद झाली. पहिलं पान ती घरीच शिकली, मोबाईलमध्ये कुणाचं तरी बघून.

कार्यक्रमाला बाई मला घेऊन गेल्या. मागच्या रांगेत बसलो. पोरगी नवा फ्रॉक घालून आली आणि वाजवायला लागली. काय पळत होती! लोकांनी माना डोलवल्या. मग दुसरं पान आलं, ते बाईंचं, सावकाश मापात बसवलेलं. तिथे दोन्ही जुळेनात. धावत्या गाडीतून उतरल्यासारखी पोरगी धडपडली. थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा अडली तेव्हा तिच्या शाळेतली शिक्षिका येऊन तिला हाताला धरून घेऊन गेली. पुढची सगळी पानं तिला येत होती हो, पण तिथवर कुणी पोचूच दिलं नाही.

घरी येताना जिन्यात बाई म्हणाल्या, "मी नाचाचं बोलायला नको होतं."

पोरीने पियानोला हात लावणं सोडलं असं कानावर आलं. बाईंना दम लागायला लागला. मंगळवारी सकाळी त्या गेल्या. त्याच्या आधीचा शनिवार सांगते.

शनिवारी बाई झेरॉक्सच्या दुकानात जायच्या, पुढच्या आठवड्याचं पान मोठं करून त्याच दिवशी पोरांना द्यायला. पोरं वाकून बघतात आणि पाठीला पोक येतो, म्हणून. आता शिकायला कुणी नव्हतं, तरी त्या लांब रचनेचं पहिलं पान पिशवीत घालून निघाल्या. मला औषधं आणायची होती, मी सोबत गेले.

"बाई, क्लास बंद केला म्हणे?" दुकानदार म्हणाला.

"मोठं काढ. कडा कापू नकोस."

त्यांनी तिथेच काउंटरवर टेकून कोणत्या सुराला कोणतं बोट, ते आकडे पेन्सिलीने घातले. बोटं वळत नव्हती, वेळ लागला. मग आम्ही दातांच्या दवाखान्यात गेलो.

"नंबर लावलाय का, आजी?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

"दात आहेत कुठे आता? हे डॉक्टरांच्या धाकटीला द्या. म्हणावं, आधी डावा हात. एकटा."

"कुणी दिलं म्हणून सांगू?"

"शनिवार आहे. तिला कळेल."

मग बेकरीतून त्यांनी अर्धा पाव घेतला, कडक आहे म्हणून बेकरीवाल्याशी नेहमीची कुरकुर केली, आणि सावलीच्या बाजूने आम्ही घरी आलो.