केबल उपटणारा माणूस

पूनम सागर वसाहतीतल्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. चेणे गावातल्या, जमिनी गेलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती जपायला मी जुन्या पीसीचा सर्व्हर बनवत होतो. त्यातले दोघे आता हयात नाहीत.

मी त्याला म्हणालो, "काका, ऑपरेटिंग सिस्टीम खुलीच टाका, कुणाच्याही मालकीची नसलेली. कंपन्यांची गुलामी नको!"

त्याने चष्मा कपाळावर चढवला, ती टाकली, दोन डिस्कवर सगळ्याची सारखीच प्रत राहील अशी जोडणी केली, दोन गाणी भरली आणि दर गिऱ्हाइकासमोर करतो तशी एका डिस्कची केबल उपटली. "डिस्क मेली समज. नवी लाव, सगळं सावर." मला जमेना. "मग ही सिस्टीम तुझी कशी रे? माझीच झाली ना?"

संताप आला. पण चार दुपारी त्याच्या स्टुलावर बसून शिकलो. पाचव्या दिवशी मुलाखती भरल्या आणि केबल मीच उपटली. नवी डिस्क लावली. स्पीकरमधून ते दोघे म्हातारे बोलत राहिले.